बिनपगारी आयुक्तपद : स्काऊटचं काम धंदेवाल्याला काय देतं?

खोपोलीच्या कार्यशाळेत चहाच्या सुट्टीत एका भावाने मला बाजूला घेतलं. कर्जतजवळ त्याचा तंबूंचा, म्हणजे कॅम्पिंगचा, छोटासा धंदा. म्हणाला, "सर, मला स्काऊटचा सहाय्यक जिल्हा आयुक्त हो म्हणतायत. पगार नाही. घेऊ का? फायदा काय?"

प्रश्न सरळ होता. घाईत अर्धंच उत्तर दिलं, व्हिडिओतही थोडंसंच बोललो. आज नीट लिहितो, कारण हे काम मी सहा वर्षं केलंय आणि त्यात एक चूकही केलीय.

आधी "आयुक्त" या शब्दाची भानगड. महापालिकेचा आयुक्त वेगळा, हा वेगळा. इथे गाडी नाही, शिपाई नाही, सहीने कुणाचं काम अडत नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ला दोन जुन्या स्काऊट संघटना एकत्र येऊन झाली, पुढच्या वर्षी मुलींची गाईड संघटनाही तिच्यात आली. शाळेत पथक असतं, पथकात मुलांचे छोटे संघ असतात, प्रत्येक संघाला एक संघनायक. पथक सांभाळतात बहुतेक करून शिक्षकच. जिल्ह्याला जे संघटक असतात ते पगारी. आयुक्त मात्र मानद. त्याला वॉरंट मिळतं, स्कार्फ मिळतो, डाव्या हाताने हस्तांदोलन करायची सवय लागते (लग्नात नातेवाईक बघत राहतात), आणि काम मिळतं. पथकं चालू राहतील हे बघायचं, शिक्षकांना धीर द्यायचा, शाळा, अधिकारी आणि पालक यांच्यातला दुवा व्हायचं. गाईड विभागात हे पद महिलांकडे असतं. बचत गट चालवणाऱ्या ताईंनो, हे तुमच्यासाठीही आहे.

आता खर्च. फायद्याआधी खर्च लिहायची सवय लावून घ्या. समजा तुमचं दुकान दिवसाला निव्वळ १,२०० रुपये देतं आणि महिन्याचे दोन दिवस या कामात जातात. वर्षाचे झाले २८,८००. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. कर्जतहून खोपोली, पेण करत जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. वर्षात सहा फेऱ्या, फेरीला ५०० धरा, ३,००० झाले. गणवेश, बूट, फोन, मुलांना कधी भेळ, कधी केळी, हे पकडून अजून ३,०००. एकूण सुमारे ३५,०००. आकडे तुमचे टाका, पण टाका. "समाजकार्याचा हिशोब कशाला" म्हणणारा माणूस दुसऱ्या वर्षी गायब होतो हे मी बघितलंय.

मग ३५,००० देऊन काय मिळतं?

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पगार न देता माणसं चालवायला शिकता. दुकानातला पोऱ्या ऐकतो, कारण शनिवारी त्याला पैसे हवेत. पथकाचा शिक्षक तुमचं का ऐकेल? त्याच्या डोक्यावर निवडणुकीचं काम आहे, पोषण आहाराची नोंद आहे, परीक्षा आहेत. त्याला तुम्ही हुकूम देऊ शकत नाही, काढूनही टाकू शकत नाही. एकच रस्ता उरतो. त्याची अडचण आधी विचारा, त्यातली एक तरी सोडवा, मग आपलं काम सांगा. माझ्या दुकानातली दोन माणसं आज आठ-नऊ वर्षं टिकून आहेत, त्याचं कारण हे शिक्षण आहे असं मी मानतो.

दुसरं, मुलुख कळतो. आपण कर्जत-खालापूरचे म्हणवतो, पण नेरळ, कडाव, कशेळे, चौक, रसायनी यातल्या किती गावांत आपण गिऱ्हाईक सोडून दुसऱ्या कामाला गेलोय? पहिल्या वर्षी मी एका आदिवासी भागातल्या शाळेत जानेवारीत शिबिर ठरवलं. भात निघालेलं, थंडी छान, मैदान कोरडं. मुख्याध्यापक हसले. म्हणाले, "साहेब, दिवाळीनंतर माझी अर्धी मुलं आईबापाबरोबर वीटभट्टीवर असतात." कातकरी कुटुंबांचं हे दरवर्षीचं स्थलांतर आपल्याला माहीत असतं, पण आपल्या वेळापत्रकात ते येत नाही. शिबिर ऑक्टोबरात घेतलं, मुलं आली. त्यानंतर दुकानात माल भरतानाही मी विचारायला लागलो की या महिन्यात कोण गावात असतो, कुणाच्या हातात पैसा असतो.

तिसरी गोष्ट माझ्या आवडीची, खरी कमाई. हा स्काऊट-गाईडचा जुना उपक्रम. मुलांनी कष्ट करून, काही बनवून किंवा विकून प्रामाणिक पैसा मिळवायचा. शाळेत स्टॉल लागतात, भेळ, सरबत, वडापाव. एका शाळेत गाईडच्या संघाने वडापाव १० रुपयांना विकला. संघनायिका पळत आली, "सर, साडेचारशे नफा!" मी विचारलं, तेल कुणाचं? "आईचं." गॅस? "आईचा." वडे कुणी तळले? "आईने." मग आईला किती दिले? पोरगी गप्प. मग आम्ही पाटीवर हिशोब मांडला. बटाटे, बेसन, पाव तर होतेच, त्यात तेल, गॅस आणि आईचे तीन तास धरले. नफा राहिला जेमतेम नव्वद रुपये. ती म्हणाली, "म्हणजे १० ला परवडतच नाही."

मित्रांनो, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात जणांचा धंदा असाच "फायद्यात" असतो. बायकोचे तास फुकट, बापाची जागा फुकट, स्वतःची मजुरी फुकट. बारा वर्षांच्या मुलीला ते दहा मिनिटांत कळलं. तेव्हापासून कार्यशाळेत किंमत शिकवताना मी हाच वडापाव वापरतो.

ओळखी होतात का? होतात. गटशिक्षणाधिकारी, सरपंच, पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालय, सगळीकडे जावं लागतं. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, जावक क्रमांक का जपायचा, हे हाताखालून जातं. पुढे स्वतःच्या परवान्यासाठी गेलात की भीती वाटत नाही. पण इथेच खड्डा आहे, आणि मी त्यात पडलोय.

एका शिबिराला ६० मुलांचा शिधा लागणार होता. माझं किराणा दुकान. मी म्हटलं, माझ्याकडून घ्या. दर बाजारापेक्षा कमी लावला, तांदूळ चांगला दिला, बिलही दिलं. काही गैर केलं नाही असंच वाटत होतं. पण दुसऱ्या दुकानाचा भाव कुणी मागितलाच नाही, कारण विचारणार कोण? मागायला सांगणारा मीच आणि देणाराही मीच. दोन महिन्यांनी एका शाळेत गेलो, तर शिक्षक बोलता बोलता म्हणाले, "या वेळचाही शिधा तुमच्याकडूनच ना?" आवाजात राग नव्हता. त्यामुळेच जास्त लागलं. ६० मुलांच्या शिध्यात मला सुटले असतील सात-आठशे रुपये. तो शिक्षक पुढे माझ्याशी नेमकंच बोलायचा, अडचण कधी सांगायचा नाही. ते पूर्वीसारखं व्हायला दीड वर्ष लागलं.

म्हणून तंबूवाल्या भावाला माझं उत्तर असं : पद घे, पण जिल्ह्यातल्या एकाही स्काऊट शिबिराला तुझे तंबू भाड्याने देऊ नकोस. फुकट देणार असशील तर लेखी दे. स्कार्फ घातलेला फोटो तुझ्या जाहिरातीत नको. हे कबूल नसेल तर आयुक्त होऊ नकोस, साधा पुरवठादार राहा. तेही इज्जतीचं काम आहे.

अजून एक गोष्ट आधीच समजून घ्या. इथे दुसऱ्यांची लेकरं तुमच्या जबाबदारीवर असतात. जागतिक स्काऊटिंगमध्ये यासाठी "सेफ फ्रॉम हार्म" नावाचं धोरण आहे. त्याचा रोजच्या कामातला अर्थ माझ्यापुरता असा : मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद जागेत थांबायचं नाही, आणि शिबिरात एकापेक्षा जास्त जबाबदार मोठी माणसं हवीतच. आणि आपला भाग कसा आहे ते आठवा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं पोचेनात, माणसं पावसात चालत चढली. अशा वेळी गणवेशातली पोरं "आम्हीही जातो" म्हणतात. त्यांना वर पाठवायचं नाही, हे ठामपणे सांगणं आयुक्ताचं काम. खाली पाणी वाटणं, कपडे लावणं, याद्या लिहिणं, तेही प्रशासनाने मागितलं तर आणि पालकांना विचारून. "तयार राहा" या ब्रीदात थांबायची तयारीही येते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याने हे पद घेऊ नये.

कामात गुंतलेल्या माणसाला जमतं का, असं विचाराल तर नागपुरात वकिली करून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले विवियन बोस या संस्थेचे राष्ट्रीय आयुक्त होते. तुमच्या-माझ्या दुकानापेक्षा त्यांच्याकडे काम जास्तच असणार.

सुरुवात करायची तर थेट पदाकडे बघू नका. जवळच्या शाळेत पथक आहे का विचारा, त्या शिक्षकांना भेटा, एका शिबिरात तीन दिवस स्वयंपाकाच्या बाजूला राबा. मग जिल्हा संघटकांना भेटून प्रौढांच्या प्राथमिक प्रशिक्षणाची तारीख विचारा. ७ नोव्हेंबरला ध्वजदिन असतो, त्या आठवड्यात बहुतेक पथकं जागी असतात, ओळख करून घ्यायला बरा मुहूर्त. आणि गणवेश शिवायला टाकायच्या आधी घरी बसून तो ३५,००० चा हिशोब बायकोला किंवा नवऱ्याला दाखवा. महिन्यातले ते दोन दिवस गल्ल्यावर त्यांनाच बसायचं आहे.