किती वेगाने धावावे?

शाळेतील १५०० मीटरच्या शर्यतीत शिट्टी होताच सुसाट सुटणारा मुलगा तुम्ही पाहिला असेल. पहिल्या फेरीत तो सर्वांच्या पुढे. तिसऱ्या फेरीत मात्र धापा टाकत चालू लागतो. त्याची शक्ती गेली कोठे?

स्नायूंना ऊर्जा मिळते ती एटीपी या पदार्थापासून. प्राणवायूच्या साहाय्याने ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे ३० रेणू तयार होतात. वेग फार वाढला, की ही ऊर्जा अपुरी पडते. मग प्राणवायूविना होणाऱ्या क्रियेवर भार येतो. ती झटपट होते. पण एटीपीचे दोनच रेणू देते. शिवाय स्नायूंतील आम्लता वाढते आणि पाय जड होतात.

आपली मर्यादा ओळखायला यंत्र नको. धावता धावता सोबत्याशी बोला. पूर्ण वाक्य सहज बोलता आले, तर वेग योग्य. दोन-तीन शब्दांतच दम लागला, तर वेग कमी करा. आठवड्यातील बहुतेक धावणे अशा सोप्या वेगाने करा. काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात. मग बोलत बोलत धावण्याचा तुमचा वेगही आपोआप वाढतो!

केनियाच्या एलिउड किपचोगे यांनी २०१९ मध्ये व्हिएन्ना येथे, वेग राखून देणाऱ्या सोबत्यांसह, ४२.१९५ किलोमीटर अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले. त्यांचा प्रत्येक किलोमीटर २ मिनिटे ४८ ते ५२ सेकंदांचा होता.

उद्या मैदानावर तुमच्या प्रत्येक फेरीची वेळ मित्राला टिपायला सांगा. फरक किती पडतो, ते पाहा.