तयारी असलेलं गाव

२०१८ च्या दिवाळी पाडव्याला, म्हणजे ८ नोव्हेंबरला, उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव काही तासांत जळून गेलं. 'कॅम्प फायर' नावाच्या त्या वणव्यात ८५ माणसं गेली आणि १८ हजारांहून जास्त इमारती राख झाल्या. तिथून दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या बे एरियात धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तिथल्या मराठी घरांतली दिवाळीही त्या वर्षी दारं-खिडक्या लावूनच सरली.

एवढा विध्वंस म्हटल्यावर स्थानिक कारभारी झोपले होते असं कुणालाही वाटेल. पण तसं नव्हतं.

पॅराडाइज दोन खोल दऱ्यांमधल्या डोंगरसोंडेवर, पाइनच्या दाट झाडीत वसलेलं. वस्ती सुमारे २६ हजारांची, त्यात निवृत्तांचा भरणा मोठा. बाहेर पडायला रस्ते मोजके, त्यांतला मुख्य 'स्कायवे'. जून २००८ च्या हम्बोल्ट वणव्यात हे रस्ते गाड्यांनी तुंबले आणि हजारो लोक अडकून पडले. त्यातून गावाने धडा घेतला. गावाचे १४ विभाग पाडले आणि कोणत्या विभागाने कोणत्या वाटेने निघायचं ते ठरवलं. प्रसंगी स्कायवेच्या सगळ्या मार्गिका बाहेरच्या दिशेने सोडायच्या, अशी योजना आखून तिची रंगीत तालीमही घेतली. एवढी तयारी करणारी गावं अमेरिकेतही थोडीच.

मात्र त्याच काळात आणखी काही निर्णय होत होते, आणि त्यांच्या फायलींवर वणव्याचं नाव नव्हतं. बाजारपेठेत पादचाऱ्यांना सुरक्षित चालता यावं म्हणून स्कायवेच्या काही भागातल्या चार मार्गिकांच्या दोन केल्या. हेतू रास्तच होता. आगीचा धोका असलेल्या भागात रस्ते सुधारेपर्यंत नवी बांधकामं थांबवा, अशी शिफारस नागरिकांच्या चौकशी मंडळाने, 'ग्रँड ज्युरी'ने, केली होती. काउंटीच्या कारभाऱ्यांनी ती फेटाळली. बांधकाम परवाने, पदपथ, महसूल हे रोजचे विषय. वणव्याची तयारी खरी इथेच ठरते, असं या प्रकरणाकडे पाहिल्यावर वाटतं.

त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास पुल्गा या वस्तीजवळ पीजी अँड ई कंपनीच्या जुन्या वीजवाहिनीचा झिजलेला आकडा तुटला आणि ठिणगी पडली. (पुढे २०२० मध्ये कंपनीने सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे न्यायालयात कबूल केले.) पावसाळा लांबलेला, गवत वाळून कोळ झालेलं, वारा दरीतून सुसाटलेला. आगीची आघाडी पोचण्याआधीच उडालेले निखारे गावात ठिकठिकाणी पडले आणि आठच्या सुमारास अनेक जागी एकदम पेट घेतला.

योजना इथेच उघडी पडली. आग एका बाजूने येईल, एकेक विभाग रिकामा करायला वेळ मिळेल, हे तिचं गृहीतक होतं. फोनवरचा इशारा ज्यांनी आधी नोंदणी केली त्यांनाच जाणार होता, आणि असंख्य लोकांनी ती केलेली नव्हती. नोंदणीशिवाय परिसरातल्या प्रत्येक मोबाइलवर इशारा धाडणारी सरकारी यंत्रणा उपलब्ध होती, पण काउंटीने ती वापरलीच नाही. पुढे मोबाइलचे मनोरेही जळाले. मृतांत बहुसंख्य पासष्टीच्या पुढचे होते. गाडी नसलेले, चालता न येणारे.

तरीही हजारो लोक जिवंत बाहेर पडले. स्कायवे खरोखर एकेरी केला गेला होता. योजना फसली म्हणणं सोपं आहे, पण ती नसती तर आकडा कुठे गेला असता?

हवाईतल्या लाहैनाची गोष्ट याच्या उलट. पॅराडाइजमध्ये भोंगे नव्हते. लाहैनात ते होते, पण ऑगस्ट २०२३ च्या आगीत कुणी वाजवले नाहीत. भोंगा म्हणजे त्सुनामी असं समजून लोक डोंगराकडे, आगीकडेच धावतील, असं कारण आपत्ती विभागाच्या प्रमुखाने दिलं आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. त्या आगीत १०० हून अधिक माणसं गेली.

२०२० च्या जनगणनेत पॅराडाइजची लोकसंख्या पाच हजारांच्याही खाली आली होती. त्यानंतर गाव पुन्हा वाढतं आहे. आता तिथे भोंगे बसले आहेत. घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत पेट घेईल असं काही ठेवायचं नाही, असा नियम नगर परिषदेने केला आहे. उद्यान मंडळ गावाच्या कडेच्या जमिनी विकत घेऊन मोकळा पट्टा राखू पाहतं आहे; आपल्याकडच्या वनखात्याच्या जाळरेषेसारखंच, पण कितीतरी रुंद. विमा कंपन्या मात्र अजून बिचकतात, आणि अनेक घरमालकांना शेवटचा पर्याय म्हणून असलेल्या 'फेअर प्लॅन'चा महागडा विमा घ्यावा लागतो.