कंबरदुखीच्या आडचा मायलोमा
लेखमाला : ओळख रक्ताच्या कर्करोगांची – भाग ४

मागच्या भागापर्यंत आपण ल्युकेमियाबद्दल वाचले. आजचा आजार मल्टिपल मायलोमा. हे नाव आपल्याकडे फारसे कानावर पडत नाही. पण गेल्या पंचवीस वर्षांत याच्या उपचारात जेवढी प्रगती झाली, तेवढी फार थोड्या कर्करोगांच्या वाट्याला आली आहे.

हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीज बनवणे हे त्यांचे काम. त्यातली एक पेशी बिघडते, बेसुमार वाढते आणि तिची सगळी पिलावळ एकाच साच्याचे, कुचकामी प्रथिन बनवत सुटते. मगजात गर्दी झाली की रक्त कमी होते. हाडे आतून झिजून ठिसूळ होतात. हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरते आणि ते प्रथिन मूत्रपिंडात अडकून बसते.

हा आजार पकडणारी महत्त्वाची तपासणी म्हणजे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. विजेच्या प्रवाहाने रक्तातली प्रथिने वेगवेगळी केली जातात आणि त्यांचा आलेख निघतो. निरोगी माणसाच्या आलेखात अँटिबॉडीजच्या जागी बुटका, पसरट उंचवटा दिसतो, कारण त्या हजारो प्रकारच्या असतात. मायलोमात बहुधा त्याच जागी एक अरुंद, टोकदार शिखर उभे राहते. त्याला डॉक्टर 'एम बँड' म्हणतात. नक्की निदान मात्र बोन मॅरो तपासूनच होते.

१९६०च्या दशकात मेल्फलान आणि स्टिरॉइड एवढीच शस्त्रे हाती होती. पुढे रुग्णाच्याच मूळपेशी काढून ठेवायच्या, मोठ्या मात्रेची केमोथेरपी द्यायची आणि त्या पेशी परत सोडायच्या, असे प्रत्यारोपण आले. भारतातले पहिले बोन मॅरो प्रत्यारोपण डॉ. सुरेश अडवाणी यांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली केले. ते ल्युकेमियाच्या रुग्णावर होते, पण त्या वाटेचा फायदा पुढे मायलोमाच्या रुग्णांनाही झाला.

खरे वळण आले १९९९ मध्ये. गरोदर स्त्रियांनी घेतल्याने हजारो बाळांना व्यंग देणारे बदनाम थॅलिडोमाइड मायलोमावर काम करते, हे सिद्ध झाले. त्याचेच सुधारित रूप म्हणजे लेनालिडोमाइड. २००३ मध्ये अमेरिकेत बोर्टेझोमिबला मान्यता मिळाली. प्रत्येक पेशीत निकामी प्रथिने मोडीत काढणारी यंत्रणा असते, ती हे औषध बंद पाडते. मायलोमाची पेशी रात्रंदिवस प्रथिने बनवते, त्यामुळे उकिरडा न उचललेल्या गल्लीसारखी ती आपल्याच कचऱ्यात गुदमरून मरते.

२०१५ मध्ये डाराट्युमुमॅब आले. हे औषध बिघडलेल्या पेशींवर खूण करते आणि आपली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. एका अभ्यासात बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि स्टिरॉइड यांच्या जोडीला ते दिले, तेव्हा चार वर्षांनंतर सुमारे ८४ टक्के रुग्णांचा आजार बळावलेला नव्हता. त्याच्याविना हे प्रमाण सुमारे ६८ टक्के होते. त्याही पुढची पायरी कार-टी पेशींची. रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत नेऊन मायलोमा ओळखायला शिकवल्या जातात. सगळे उपचार करून थकलेल्या ९७ रुग्णांना अशा पेशी एकदाच दिल्या गेल्या. त्यातले ३२ जण पाच वर्षांनीही दुसऱ्या औषधाविना ठीक होते. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून घडवलेल्या देशी कार-टीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती बी-पेशींच्या कर्करोगांसाठी आहे, मायलोमासाठी नाही. पण हे तंत्र आपल्या हाती आले, ही मोठी गोष्ट आहे.

आता आपल्या धाराशिव जिल्ह्याकडे येऊ. सोयाबीनची काढणी, ऊसतोड, डोक्यावरची ओझी. इथे कंबरदुखी घरोघरी आहे आणि त्यावर उपाय एकच : मेडिकलमधून आणलेली पेनकिलर. मायलोमात डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडाला आणखी दुखावतात. म्हणून पन्नाशी उलटलेल्या माणसाची पाठदुखी विश्रांतीनेही जात नसेल, सोबत थकवा किंवा वारंवार जंतुसंसर्ग असेल, तर हिमोग्लोबिन, ईएसआर, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासून घ्या. त्यात काही खटकले, तर डॉक्टरांना इलेक्ट्रोफोरेसिसबद्दल विचारा. सरसकट सगळ्यांची तपासणी करायची गरज नाही. लक्षणे दिसली की टाळाटाळ मात्र नको.

वेळेवर केलेल्या तपासणीची ताकद या जिल्ह्यानेच जगाला दाखवली आहे. शेजारच्या बार्शीतल्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयातून १९८७ पासून बार्शी, भूम आणि परंडा तालुक्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. ही देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. पुढे उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली जगासमोर आले. तो आजार वेगळा, तपासणीही वेगळी. पण शास्त्र आपल्या गावापर्यंत पोहोचू शकते, हे त्यातून पक्के झाले.

मायलोमातही ते शक्य आहे. लेनालिडोमाइड ही कॅप्सूल आहे आणि बोर्टेझोमिब त्वचेखाली टोचतात. दोन्ही औषधे भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे ती मूळ परदेशी औषधांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. डाराट्युमुमॅब अजून महाग आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याचे सीमाशुल्क माफ झाले. त्याच अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे डे-केअर केंद्र उभारण्याची घोषणा झाली. निदान आणि उपचाराची दिशा मोठ्या केंद्रात ठरावी, आठवड्याचे इंजेक्शन मात्र धाराशिवातच मिळावे. एका इंजेक्शनसाठी मजुरी बुडवून मुंबई गाठावी लागली, तर रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतो आणि उत्तम औषधही वाया जाते. हे डे-केअर केंद्र आपल्याकडे लवकर आणि पूर्ण क्षमतेने सुरू व्हावे, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायला हवी.

(पुढच्या भागात : लिम्फोमा)