म्हातारपण घरी काढावयाचे, तर खर्च कोणी सोसावा?

वृद्धांचा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे बोलणे बहुधा दोन टोकांना जाऊन थांबते. एक पक्ष म्हणतो, आईबापांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य आहे, यात सरकारने पडण्याचे कारण काय? दुसरा पक्ष म्हणतो, काळ बदलला, मुले परगावी गेली, आता वृद्धाश्रम काढल्याशिवाय गत्यंतर नाही. हे दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात, ती ही की बहुसंख्य वृद्ध माणसे या दोहोंच्या मधल्या अवस्थेत असतात. चहा करून घेता येतो, पण न्हाणीघरात एकट्याने जाण्याची भीती वाटते. वर्तमानपत्र वाचता येते, पण औषधाच्या गोळ्यांचा हिशेब राहत नाही. अशा माणसाला रुग्णालय नको असते आणि आश्रमही नको असतो. त्याला दिवसातून तासभर कोणाचा तरी हात हवा असतो. हा तासभराचा हात कोणी द्यावा आणि त्याचे पैसे कोठून यावेत, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारात घेणार आहोत.

आरंभीच एका शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. स्वावलंबन म्हणजे कोणाचीही मदत न घेणे, असा अर्थ आपण सहज करतो. वार्धक्यात तो अर्थ लागू पडत नाही. आंघोळीला अर्धा तास मदत मिळाली म्हणजे जो उरलेला दिवस आपल्या घरात, आपल्या मर्जीने घालवू शकतो, त्याला आम्ही स्वावलंबीच म्हणू. उलट ती अर्ध्या तासाची मदत न मिळाल्यामुळे जो पाय घसरून पडतो आणि खुब्याचे हाड मोडून कायमचा खाटेला खिळतो, त्याचे स्वावलंबन मदतीच्या अभावीच गेलेले असते. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

जपानची पूर्वस्थिती

या प्रश्नाला सार्वजनिक पैशाने उत्तर देण्याचे प्रयत्न अनेक देशांनी केले. त्यांतून आम्ही जपानचे उदाहरण निवडले आहे, कारण जपान हा आशियातला देश आहे, तेथेही आईबापांना सांभाळणे हा कुलधर्म मानला जातो, आणि तेथेही ते काम प्रत्यक्षात सुनेच्याच वाट्याला येत असे. १९८० साली ६५ वर्षांवरील दहा जपान्यांपैकी सुमारे सात जण मुलाबाळांसह राहत होते. पुढे हे प्रमाण घटत निम्म्याच्याही खाली आले. शिवाय देश फार वेगाने म्हातारा झाला. लोकसंख्येतील ६५ वर्षांवरील माणसांचे प्रमाण शेकडा ७ वरून १४ वर जाण्यास फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षे लागली. जपानने तेच अंतर १९७० ते १९९४ या अवघ्या चोवीस वर्षांत काटले.

१९६३ साली जपानने वृद्धकल्याणाचा कायदा केला होता. पण त्याखाली मिळणारी मदत ही दानासारखी होती. नगरपालिकेचा अधिकारी कुटुंबाची सांपत्तिक स्थिती पाहणार आणि कोणाला काय द्यावयाचे ते ठरविणार. साहजिकच मध्यमवर्गीय माणसाला तेथे अर्ज करण्याची लाज वाटे. १९७३ साली वृद्धांना वैद्यकीय उपचार मोफत झाले, आणि त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. घरी करणारे कोणी नाही आणि रुग्णालय मात्र फुकट, तेव्हा आजार बरा झाल्यावरही वृद्ध माणसे महिनोन्‌महिने रुग्णालयातच राहू लागली. घरी पाठविलेल्या बाईच्या दोन तासांनी जे काम भागले असते, त्यासाठी डॉक्टर, परिचारिका आणि खाट यांचा खर्च सरकार सोसू लागले. चुकीच्या ठिकाणी पैसा मोकळा सोडला की माणसेही चुकीच्या ठिकाणी जाऊन पडतात, असा हा धडा होता.

तो धडा घेऊन १९८९ साली सरकारने एक दशवार्षिक योजना आखली. घरोघर जाऊन मदत करणाऱ्या सेविकांची संख्या एक लाखावर नेणे आणि दिवसा वृद्धांना सांभाळणारी दहा हजार केंद्रे उभारणे, ही तिची उद्दिष्टे होती. पाच वर्षांतच ती अपुरी वाटू लागली आणि वाढवावी लागली. मग प्रश्न आला तो कायमच्या पैशाचा. त्यातून १९९७ साली शुश्रूषा विम्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २००० पासून तो अमलात आला.

विम्याची रचना

ही रचना समजण्यास कठीण नाही. चाळीस वर्षांवरील प्रत्येकाने दरमहा हप्ता भरावयाचा. तो ऐच्छिक नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा हप्ता बहुधा निवृत्तिवेतनातूनच कापला जातो, आणि ज्याची मिळकत कमी त्याचा हप्ताही कमी. एकूण खर्चापैकी निम्मा या हप्त्यांतून येतो. उरलेला निम्मा करांतून, आणि त्यातील सुमारे अर्धा भाग मध्यवर्ती सरकार व बाकीचा प्रांत आणि नगरपालिका मिळून देतात. सेवा घेणाऱ्याने स्वतः किमतीचा दहावा हिस्सा द्यावयाचा. २०१५ नंतर सधन वृद्धांसाठी हा वाटा दोन दशांश आणि २०१८ नंतर अतिसधनांसाठी तीन दशांश झाला.

कारभार नगरपालिकेकडे असतो, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ६५ वर्षांवरील नागरिकांचा हप्ता दर तीन वर्षांनी तीच ठरविते. गावात सेवा वाढल्या की हप्ता वाढतो, आणि तो का वाढला हे नागरिक विचारू शकतात. गाव फारच म्हातारे किंवा गरीब असेल तर मध्यवर्ती सरकार आपल्या वाट्यातून त्यास अधिक हात देते.

मदतीची गरज पडली की वृद्धाने किंवा घरच्यांनी अर्ज करावयाचा. नगरपालिकेचा माणूस घरी येतो आणि चौऱ्याहत्तर बाबींची विचारपूस करतो. कुशीवर वळता येते का, उठून उभे राहता येते का, अंगात कपडे घालता-काढता येतात का, सध्या कोणता ऋतू आहे हे सांगता येते का, अशा त्या बाबी असतात. त्यांवरून शुश्रूषेला किती मिनिटे लागतील याचा संगणकाने अंदाज काढला जातो. मग डॉक्टरांचे मत जोडून तज्ज्ञांची समिती त्या माणसास सातांपैकी एका पायरीवर बसविते. घरात सून आहे की नाही, बँकेत ठेव किती आहे, हे पायरी ठरविताना पाहिले जात नाही. पाहावयाची ती फक्त गरज.

पायरीनुसार दरमहा सेवेची कमाल मर्यादा ठरते. सर्वांत खालच्या पायरीस ती सुमारे ५० हजार येन आणि सर्वांत वरच्या पायरीस सुमारे ३ लाख ६२ हजार येन आहे. मर्यादेच्या आत काय घ्यावयाचे हे ठरविण्यास एक सल्लागार मिळतो, आणि त्याचे वेतन संपूर्णपणे विम्यातून दिले जाते. आठवड्यातून दोनदा घरकामाला व आंघोळीला मदत, एकदा परिचारिकेची भेट, दोन दिवस दिवसकेंद्र, असा तक्ता तो बसवून देतो. दिवसकेंद्राची गाडी सकाळी दारात येते. तेथे आंघोळ, जेवण, थोडा व्यायाम, चार माणसांत बसणे होते आणि सायंकाळी गाडी घरी सोडते. अंथरुणास खिळलेल्या माणसासाठी तर न्हाण्याचे टबच मोटारीतून घरी आणले जाते. भिंतीला धरावयाचे दांडे बसविणे, उंबरे काढून टाकणे अशा घरदुरुस्तीसाठी दोन लाख येनांपर्यंतच्या खर्चाचा भार विमा उचलतो.

पैसा की सेवा?

कायदा होताना सर्वांत कडाक्याचा वाद झाला तो एका मुद्द्यावर. घरीच शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबास रोख रक्कम द्यावी काय? जर्मनीने १९९५ पासून आपल्या शुश्रूषा विम्यात तशी सोय ठेवली होती. सेवेच्या किमतीपेक्षा कमी, पण रोख. वरवर पाहता ही सोय न्याय्य दिसते, कारण राबणाऱ्याला मोबदला मिळतो. परंतु जपानमधील स्त्रियांच्या संघटनांनी तिला कसून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की रोख रक्कम घरात येईल, पण रात्री उठून सासऱ्यांना पाणी देणारी सून तीच राहील. उलट आता पैसे मिळतात म्हणून तिला नोकरी सोडून घरी बसणे भाग पडेल, आणि बाहेरच्या सेवा उभ्याच राहणार नाहीत. हा युक्तिवाद मान्य झाला आणि जपानने रोख रकमेऐवजी सेवा दिली.

दुसऱ्या बाजूनेही आघात झाला. १९९९ च्या अखेरीस, योजना सुरू होण्यास थोडे महिने उरले असता, सत्तारूढ पक्षातूनच आक्षेप आला की मुलांनी आईबापांची सेवा करण्याची चांगली चाल या कायद्याने मोडेल. परिणामी वृद्धांचे हप्ते पहिले सहा महिने माफ झाले आणि पुढील वर्षभर निम्मेच घेतले गेले. योजना मात्र टिकली. आम्हांस येथे एवढेच म्हणावयाचे आहे की सेवेचे काम आणि माया या दोन वस्तू निराळ्या आहेत. पाठ चोळण्याचे काम वाटून घेतले म्हणून माया कमी होत नाही. उलट थकून चिडलेल्या हातांपेक्षा मोकळ्या मनाने शेजारी बसलेली मुलगी वृद्धास अधिक सुख देते.

जमाखर्चाची दुसरी बाजू

या योजनेची नुसती स्तुती करून चालणार नाही. २००० साली मान्यताप्राप्त गरजू वृद्ध सुमारे २२ लाख होते, ते २०२३ च्या सुमारास ७० लाखांच्या घरात गेले. पहिल्या वर्षीचा ३.६ लाख कोटी येनांचा खर्च दहा लाख कोटींच्या वर गेला. ६५ वर्षांवरील नागरिकाचा सरासरी मासिक हप्ता २,९११ येन होता, तो २०२४ पासूनच्या तीन वर्षांसाठी ६,२२५ येन झाला. शिवाय सेविकांचे वेतन कमी, काम अवघड, म्हणून माणसे मिळत नाहीत. आणि एवढे करूनही वर्षाला सुमारे एक लाख जपानी माणसे घरच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडतात.

खर्च आवरण्यासाठी पुढे हलक्या गरजेच्या माणसांच्या काही सेवा विम्यातून काढून नगरपालिकांच्या कार्यक्रमांत घालण्यात आल्या. हे धोरण दुधारी आहे. हलकी गरज आज दुर्लक्षिली तर उद्या ती जड होऊन परत येते. डेन्मार्कने याबाबत उलट वाट धरली. १९८७ पासून तेथे जुन्या धर्तीची शुश्रूषागृहे नव्याने बांधणे थांबविले, घरपोच मदतीवर भर दिला, आणि १९९६ पासून वयोवृद्धांच्या घरी, काही दुखत नसतानाही, प्रतिबंधक भेट देण्याचे बंधन नगरपालिकांवर घातले.

आपल्याकडे काय आहे?

२०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती, आणि महाराष्ट्रातील प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक होते. त्यांच्यासाठी काहीच नाही असे नाही. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांस केंद्राच्या निवृत्तिवेतनातून दरमहा २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेची मासिक रक्कम २०२३ साली १,५०० रुपये झाली. चष्मा, काठी, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी राज्य सरकारने २०२४ साली ३,००० रुपयांची एकरकमी मदत सुरू केली. २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क आईबापांस दिला. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रम असावा, असेही म्हटले आहे.

ही यादी नीट पाहिली तर काय आढळते? रोख रक्कम आहे, वस्तू आहे, न्यायाधिकरण आहे, आश्रम आहे. नाही तो मघाचा तासभराचा हात. कित्येक शहरांत विरंगुळा केंद्रे निघाली, ही चांगली गोष्ट आहे. पण तेथे जो चालत जाऊ शकतो त्याचीच सोय होते, आणि जो जिना उतरू शकत नाही तो घरीच राहतो. ज्यांना परवडते ते ब्युरोकडून मावशी ठेवतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरची सून किंवा मुलगी शाळा, नोकरी, झोप यांतून तो तास काढते, आणि त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. खर्च होतोच आहे, फक्त तो एकीच्याच खात्यावर मांडला जात आहे.

जपानचा विमा जसाच्या तसा येथे आणता येणार नाही. तेथे बहुतेकांना निवृत्तिवेतन आहे, त्यातून हप्ता कापता येतो. आपल्याकडे बहुसंख्य लोकांना निवृत्तिवेतनच नाही. परंतु आरंभ करण्यास विम्याची वाट पाहण्याचे कारण नाही. केरळात २००८ साली परिहार शुश्रूषेचे धोरण ठरले आणि ग्रामपंचायतींच्या पैशातून परिचारिका अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. पंचायतीला जे जमले ते नगरपालिकेला जमू नये असे नाही. पहिली पायरी म्हणजे आपल्या वॉर्डात एकट्याने राहणारे आणि घराबाहेर पडू न शकणारे वृद्ध किती, याची नावनिशीवार मोजणी. दुसरी, आठवड्यातून ठरावीक वेळा घरी जाणाऱ्या, शिकविलेल्या आणि योग्य वेतन मिळणाऱ्या सेविका. तिसरी, न्हाणीघरात धरावयाचा दांडा. तो फार महाग नसतो, आणि त्यामुळे पुष्कळ पडझड टळते.

यापुढे नगरपालिकेचे अंदाजपत्रक प्रसिद्ध होईल तेव्हा रस्ते आणि गटारे यांच्या शेजारी ही बाब आहे की नाही, हे आपण प्रत्येकाने पाहावे, आणि नसेल तर आपल्या नगरसेवकास तसे विचारावे. हा प्रश्न केवळ आजच्या वृद्धांचा नाही. आज जो चाळिशीत आहे त्यालाही पुढे हाच हात लागणार आहे, आणि जपानने हप्त्याची सुरुवात चाळिसाव्या वर्षापासून केली त्यामागे हाच विचार होता.