प्रार्थना : देवाशीं संभाषण

पाठ केलेली प्रार्थना म्हणावी, ‘आमेन’ म्हणून डोळे उघडावे, आणि आपण काय म्हटलें तें त्याच क्षणीं विसरून जावें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. ओठ प्रार्थनेंत असतात, मन मात्र क्रीडांगणावर असतें. पाठ प्रार्थना त्याज्य नव्हे. प्रभु येशूनें स्वतःच आपल्या शिष्यांस एक प्रार्थना शिकविली. परंतु तिचा आरंभ देवाला पिता म्हणून हांक मारण्यानें होतो. ज्याला हांक मारिली, त्याच्याशीं बोलावयास नको काय? प्रार्थना म्हणजे देवाशीं संभाषण, हाच त्या हांकेचा अर्थ होय.

संभाषणास प्रथम जवळीक हवी. घरांत वडिलांस आपण ‘तुम्ही’ म्हणतों, आईला मात्र ‘तूं’. आणि स्वर्गांतील पित्यालाहि ‘तूं’च म्हणतों. हा अनादर नव्हे, ही माया आहे. आपल्या संतांनीं विठ्ठलाला माउली म्हटलें, त्याच्यापाशीं हट्ट धरिला, प्रसंगीं भांडणहि केलें. नाशिकजवळील जलालपूर ही ज्यांची सासुरवाडी, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं (१८६१–१९१९) १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावरहि हा वारसा टाकिला नाहीं. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. त्यांच्या काव्यांत ख्रिस्त हा गुरु आहे आणि माउलीहि आहे.

दुसरी गोष्ट खरेपणा. आईपुढें कोणी शब्द सजवीत नाहीं. मत्सर वाटत असेल, खोटें बोललों असूं, तर तेंच देवापुढें सांगावें. त्याला तें आधींच ठाऊक आहे; सांगावयाचें तें आपण त्याच्यापासून लपूं नये म्हणून. गेथशेमाने बागेंत येशूनें दुःखाचा प्याला टळावा अशी विनंति केली, आणि लगेच पित्याची इच्छा पूर्ण होवो, असेंहि म्हटलें. प्याला टळला नाहीं. घरांतील आजारी माणसासाठीं प्रार्थना करूनहि तें वांचलें नाहीं, असा प्रसंग आपणांपैकीं कित्येकांवर आला असेल. देवानें ऐकलेंच नाहीं, असें तेव्हां वाटतें. तर तेंच वाटणें घेऊन त्याच्यापुढें जावें. येशूची विनंति मान्य झाली नाहीं, तरी संभाषण तुटलें नाहीं. वधस्तंभावरूनहि तो पित्याशींच बोलला.

तिसरी गोष्ट ऐकणें. बाल शमुवेलानें रात्रीं देवाची हांक ऐकिली, आणि ती एलीचीच समजून तो तीनदां त्याच्याकडे धांवला. देवाची वाणी ओळखावयास शिकावें लागतें. शास्त्रांतील चार वचनें सावकाश वाचावीं व थोडा वेळ स्तब्ध बसावें. मनांत येणारा प्रत्येक विचार देवाचाच, असें मात्र समजूं नये. तो शास्त्राशीं व प्रीतीशीं जुळतो कीं नाहीं तें पाहावें, आणि वडील माणसांस विचारावें. शमुवेलालाहि मार्ग दाखविला तो वृद्ध एलीनेंच.

या सर्वांस नित्यनेमाची जोड हवी. आपल्या नाशिकच्या शरणपूर येथील मिशनशाळेंत पूर्वीं गुलामगिरींतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें शिकत असत. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासांत त्यांच्या सोबत होता. १८७३ सालीं मध्य आफ्रिकेंतील एका झोंपडींत सोबत्यांनीं पहाटे पाहिलें, तों डॉक्टर बिछान्यापाशीं गुडघे टेकलेले, मस्तक हातांवर ठेविलेलें. प्राण केव्हांच गेला होता. त्यांचें हृदय तेथेंच पुरिलें, तेव्हां अंत्यविधीची प्रार्थना जेकबनें वाचिली. दुखण्यानें चालवतहि नसतां तो मनुष्य गुडघ्यांवर कसा आला? ती संवय एका रात्रींत लागलेली नव्हती.

पालकांस एक विनंति. ‘प्रार्थना केलीस का?’ एवढेंच मुलांस विचारूं नये. आपण देवाशीं बोलत आहों, हें त्यांना कधीं तरी दिसूं द्यावें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं नेहमींची प्रार्थना म्हणा. मग स्वतःच्या शब्दांत एकच खरें वाक्य देवाशीं बोला. थोडें थांबा. उद्यां पुन्हा तसेंच करा.