स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत

देवगडच्या माझ्या आतेभावाने घरचा हापूस विकायला छोटी वेबसाइट काढली आणि तिच्यावर आपल्या खात्याचा क्यूआर कोड लावला. एप्रिलच्या ऐन धावपळीत एका गिऱ्हाइकाने ‘पेमेंट झालं’ असा हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट पाठवला. पेटी त्याच संध्याकाळी गाडीत चढली. रात्री हिशेब लावताना कळलं, खात्यात काही आलेलंच नाही. भावाने फोन केला, “दादा, पेमेंट गेटवे घेऊ का? पण तो दोन टक्के कापतो म्हणे.”

दोन टक्क्यांत काय विकत मिळतं, ते आधी समजून घ्यायला हवं. ११ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या यूपीआयमध्ये पैसे थेट बँकेतून बँकेत जातात. गिऱ्हाईक पिन टाकतं, तो फोनवरच कूटबद्ध होतो, त्याच्या बँकेत पडताळला जातो. तिथे रक्कम वजा होते, आपल्या बँकेत जमा होते. पण भिंतीवर चिकटवतात तसला कोड म्हणजे नुसता खात्याचा पत्ता. पंधराशे रुपये आले, एवढंच खातं सांगतं. ते कुठल्या पेटीचे, हे वही घेऊन आपणच जुळवायचं.

गेटवे प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळी मागणी तयार करतो, तिच्यात रक्कम आणि ऑर्डर क्रमांक असतो. पैसे आले की तो आपल्या सर्व्हरला निरोप धाडतो आणि त्या निरोपावर सही असते. गेटवे आणि आपला सर्व्हर या दोघांत एक गुप्त किल्ली ठरलेली असते. निरोप आणि किल्ली एकत्र दळली की ठरावीक लांबीचा आकडा निघतो. एसएचए-२५६ पद्धतीत तो २५६ बिटांचा असतो. १५०० चे १५०१ केले तरी पीठ पार वेगळं पडतं, आणि पिठावरून दाणा परत घडवता येत नाही. किल्ली नसलेल्याला ही सही जमत नाही. स्क्रीनशॉट मात्र कुणीही पाच मिनिटांत रंगवतो. म्हणून वेबसाइट बनवणाऱ्याला बजावून सांगा: ब्राउझरमधल्या ‘यशस्वी’ पानावर विसंबू नको, सही सर्व्हरवर तपास.

आता खर्च. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, घेता येत नाही. तरी गेटवे कंपनी स्वतःचं सेवाशुल्क लावू शकते, ते लेखी विचारून घ्या. पंधराशेच्या ऑर्डरवर दोन टक्के म्हणजे ३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५ रुपये ४० पैसे. हातात १४६४ रुपये ६० पैसे, तेही बहुधा दोन कामकाजी दिवसांनी. हंगामात मजुरी रोज चुकती करणाऱ्याला हे दोन दिवस जड जातात.

कॅश ऑन डिलिव्हरी आंब्याला नकोच. साडी परत आली तर पुन्हा विकता येते. चार दिवस फिरून परत आलेल्या पेटीत रस उरतो. कार्डांची मात्र धास्ती बाळगू नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराने गिऱ्हाइकाचा कार्ड क्रमांक साठवायचा नाही, त्याच्या जागी टोकन वापरायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अमेरिकेतली लेक पुण्यातल्या आईबाबांना पेटी धाडते ती बहुधा तिथल्या कार्डावर. तशी गिऱ्हाइकं असतील तर परदेशी कार्डं घेणारा गेटवे लागेल आणि त्याचा दर जास्त पडेल.

भावाला मी सांगितलं ते असं: दिवसाला पाच-सात पेट्या जात असतील, तर यूपीआय आणि वही पुरे. एका माणसाला संध्याकाळपर्यंत जुळवाजुळव झेपेनाशी झाली, की ते ३५ रुपये ४० पैसे खुशाल मोजावेत. तोवर प्रत्येक रक्कम बँकेच्या ॲपमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि मगच पेटीला दोरी बांधा.