ओलेपणाची विशेषणे

या स्मृतिपुस्तिकेसाठी इंग्रजी भाषेविषयी काही लिहावे, अशी सूचना झाली तेव्हा एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले आहे, याची मला आठवण झाली. बेळगावच्या पावसाळ्यातील ही गोष्ट. नववीच्या एका विद्यार्थिनीने पावसावरील इंग्रजी निबंधात, घराच्या भिंती ‘मॉइस्ट’ झाल्या, असे लिहिले होते. मी तो शब्द लाल शाईने खोडून वर ‘डॅम्प’ लिहिले. वही घेऊन ती टेबलापाशी आली. “सर, शब्दकोशात दोन्हींचा अर्थ ओलसर असाच आहे. मग माझे चुकले कुठे?” “इंग्रजीत तसे म्हणत नाहीत,” एवढेच मी म्हणालो. ती मुकाट्याने जागेवर गेली आणि त्या वर्षी तिने मला पुन्हा प्रश्न विचारला नाही. खरे सांगायचे तर उत्तर मलाच ठाऊक नव्हते.

ही विशेषणे पाण्याच्या प्रमाणानुसार लावलेली आहेत, असा आपला समज असतो. किंचित ओले ते ‘डॅम्प’, त्याहून अधिक ते ‘वेट’, पार भिजलेले ते ‘सोक्ड’. हे खरे आहे; पण ते अर्धेच. शब्द निवडताना इंग्रजी बोलणारा आणखी दोन गोष्टी नकळत पाहत असतो : ओली झालेली वस्तू कोणती, आणि तिचे ओलेपण हवेसे की नकोसे.

‘मॉइस्ट’ म्हणजे बहुधा हवा तेवढा ओलावा. चांगला केक मॉइस्ट असतो. बी रुजण्यासाठी माती मॉइस्ट लागते. भिंतीची ओल मात्र कोणालाच नको असते, म्हणून भिंत ‘डॅम्प’. त्याच ओलीला गारवा आणि कुबट वास यांची जोड मिळाली, की तळघर ‘डँक’ होते. ‘ह्युमिड’ हे विशेषण मुख्यत्वे हवेचे. ओल्या फरशीला ते लावता येत नाही. दमट हवेत उकाड्याने जीव घुसमटू लागला, की ती ‘मगी’. चहात अधिक वेळ राहिलेले बिस्कीट ‘सॉगी’. आपल्या ‘सादळलेला’ या शब्दातील नाराजी येथेही आहे. आणि ‘क्लॅमी’ म्हणजे गार, चिकट, घामेजलेले. रक्तस्रावासारख्या कारणाने रुग्णाचे रक्ताभिसरण खालावते तेव्हा त्याची त्वचा अशी लागते. ते लक्षण नोंदविणाऱ्या परिचारिकेने नुसते ‘वेट’ लिहिले, तर धोक्याची सूचनाच हरवेल. योग्य विशेषण ही केवळ परीक्षेच्या गुणांपुरती बाब नव्हे, ती अशी.

या शब्दांची कुळे पाहिली, की त्यांचे स्वभाव अधिक उलगडतात. ‘वेट’ हा जुना इंग्रजी शब्द, ‘वॉटर’चा सगोत्र. ‘मॉइस्ट’ फ्रेंचमधून आला. ‘ह्युमिड’चे मूळ लॅटिन. ‘डॅम्प’ हा आरंभी वाफ किंवा विषारी वायू या अर्थाचा शब्द होता. कोळशाच्या खाणीतील स्फोटक वायूला इंग्रजीत ‘फायरडॅम्प’ म्हणतात. त्याच्यापासून रक्षण व्हावे म्हणून हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली आपला सुरक्षादीप तयार केला. ‘ड्रेंच्ड’ म्हणजे चिंब भिजलेला. हे ‘ड्रेंच’ मुळात ‘ड्रिंक’चे प्रयोजक रूप, आपल्याकडे ‘पिणे’वरून ‘पाजणे’ होते, तसेच. गुरांना औषध पाजण्याला इंग्रजीत आजही ड्रेंच हाच शब्द आहे. ‘सॉडन’ हे तर ‘सीद’, म्हणजे उकळणे, या क्रियापदाचे जुने रूप. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये ते पाण्यात शिजविलेल्या मांसासाठी आले आहे. आज ते पाणी पिऊन जड झालेल्या जमिनीला किंवा कपड्यांना लागते.

यावरून मराठी दरिद्री आहे, असे कोणी समजू नये. ओले, ओलसर, दमट, चिंब, ओलेते, सादळलेले, पाणावलेले हे आपलेही शब्द आपापली जागा सोडत नाहीत. डोळे पाणावतात, पापड सादळतो. उलट म्हणून पाहावे! फरक आहे तो दृष्टीचा. आपण मायेचा ‘ओलावा’ म्हणतो आणि निष्ठुर माणसाला ‘कोरडा’ ठरवितो. थंड, पावसाळी देशातील इंग्रजीत माया ‘वॉर्म’, म्हणजे उबदार असते, आणि ‘वेट’ माणूस म्हणजे लेचापेचा. १९८० च्या दशकात मार्गारेट थॅचर यांच्या कठोर आर्थिक धोरणाला विरोध करणाऱ्या त्यांच्याच पक्षातील मंडळींना हेच विशेषण चिकटले होते. शब्दकोश अर्थ सांगतो. शब्दाच्या मनातील आवडनिवड क्वचितच सांगतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच, की विशेषण एकटे पाठ करू नका. डॅम्प वॉल, मॉइस्ट सॉइल, ह्युमिड एअर, क्लॅमी हँड अशा जोड्या वहीत उतरवा. आणि शिक्षकबंधूंना विनंती ही, की खोडलेल्या शब्दाशेजारी कारणही लिहावे. कारण ठाऊक नसेल, तर “उद्या पाहून सांगतो” म्हणण्यात कमीपणा नाही. मी त्या दिवशी तेवढे म्हणालो असतो, तर एक चांगला प्रश्न विचारणारी मुलगी गप्प बसली नसती. हा लेख तिच्या वाचनात आला, तर तिने तो माझे उशिराचे उत्तर समजावे.